खारा मासा आणि अकीचं फळ

जमैका म्हटलं की आपल्याला आठवतं ते सबिना पार्कचं मैदान, कोर्टनी वॉल्शची न थकणारी गोलंदाजी, बॉब मार्लीची गाणी, नाहीतर उसेन बोल्टची धाव. ही माणसं घरी गेल्यावर जेवतात काय, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आज त्यांच्या स्वयंपाकघरात थोडं डोकावू या. कॅरिबियन समुद्रातल्या या बेटावरचे लोक ज्याला 'घरचं जेवण' म्हणतात, त्यातलं पुष्कळसं जहाजातून आलेलं आहे. आणि ते तिथल्या कष्टकऱ्यांनी मागवलं म्हणून आलेलं नाही.

इंग्रजीत 'कम्फर्ट फूड' असा एक शब्द रूढ झाला आहे. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही, पण तापातून उठलेल्या मुलापुढे आई मऊ भात, तूप, मेतकूट ठेवते, ते हेच. जमैकात त्या जागी मक्याच्या पिठाची पेज असते. नारळाचं दूध, दालचिनी, जायफळ आणि साखर घालून ती सकाळी गरम गरम पितात. मार्लीच्या 'नो वुमन, नो क्राय' या गाण्यात किंग्स्टनच्या गरीब वस्तीतल्या दिवसांची आठवण येते, तिथे ही पेज आहे. जगभर नाचवलेल्या गाण्यात पेजेला जागा मिळावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ मात्र 'अकी आणि खारा मासा'. दोन्ही जिन्नस बाहेरचे. खारा मासा म्हणजे मीठ लावून वाळवलेला कॉड. हा थंड पाण्यातला मासा. जमैकाच्या उबदार समुद्रात तो सापडतच नाही. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावर, न्यूफाउंडलंड आणि न्यू इंग्लंडकडे तो पकडून खारवत. त्यातला चांगला माल युरोपात जाई आणि तुटका, नीट न वाळलेला, हलका माल वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर गुलामांसाठी पाठवला जाई. परतीच्या जहाजात साखर, मळी आणि रम भरलेली असे. मळेवाल्याचा हिशेब साधा होता : स्वस्तात स्वस्त, न नासणारं, आणि उन्हात राबणाऱ्या माणसाला मीठ पुरवणारं अन्न.

अकी आली पश्चिम आफ्रिकेतून, अठराव्या शतकात, गुलामांच्या व्यापाराच्याच वाटेनं. लालभडक फळ, आत काळ्याभोर चकचकीत बिया आणि बियांना धरून असलेला सायीच्या रंगाचा मांसल गर. खायचा तो तेवढा गर. तो आधी उकडतात, पाणी फेकून देतात. रात्रभर भिजवून खारटपणा काढलेला मासा कुस्करून कांदा, टोमॅटो, कांद्याची पात, थाइमचा पाला आणि 'स्कॉच बॉनेट' नावाच्या जहाल मिरचीबरोबर परततात आणि शेवटी हलक्या हातानं अकी मिसळतात. दिसायला हुबेहूब अंडाभुर्जी. सोबत उकडलेली कच्ची केळी किंवा तळलेले पिठाचे गोळे.

पण ही अकी विषारी आहे. फळ झाडावरच पिकून आपोआप उकललं पाहिजे. बंद फळ उकलून खाल्लं तर जिवावर बेततं. बिया आणि गराला चिकटलेला लालसर पापुद्रा तर कधीच खायचा नाही. कच्च्या अकीतल्या 'हायपोग्लायसिन' या द्रव्यामुळे शरीराचा साखर तयार करण्याचा मार्गच बंद होतो. रक्तातली साखर कोसळते, उलट्या, झटके, बेशुद्धी आणि मृत्यू. 'जमैकातला उलट्यांचा आजार' म्हणून डॉक्टरांना हे दुखणं माहीत होतं. १९५०च्या दशकात किंग्स्टनजवळच्या मोना इथल्या विद्यापीठात हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. हा आजार गाठायचा तो मुख्यतः अर्धपोटी राहणाऱ्या गरीब घरच्या मुलांना. पोटात दुसरं अन्न असलं तर शरीर थोडं तरी तग धरतं.

ही गोष्ट आपल्यापासून फार दूर नाही. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात लहान मुलं पहाटे झटके येऊन दगावत. २०१४ सालच्या साथीचा अभ्यास झाला आणि २०१७ साली तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. दिवसा बागेत लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या मुलांना धोका सर्वांत जास्त होता, आणि कारण होतं हायपोग्लायसिन आणि त्याच्याच जातीचं दुसरं एक द्रव्य. अकी, लिची आणि आपला रिठा ही सगळी एकाच कुळातली झाडं.

विलायती फणसाची कथाही भुकेचीच. कोकणात आपण त्याला निरफणस म्हणतो, त्याच्या कापा करतो. जमैकात तो अख्खा विस्तवावर भाजतात. १७८०नंतर अमेरिकेतल्या युद्धामुळे धान्याची जहाजं थांबली, त्यात वादळं झाली आणि बेटावर उपासमार सुरू झाली. १७८० ते १७८७ या काळात पंधरा हजार गुलाम भुकेनं मेले, असा अंदाज मळेवाल्यांच्याच विधिमंडळानं दिला. यावर उपाय काय, तर ताहितीहून फणसाची रोपं आणायची! कॅप्टन ब्लाय 'बाउंटी' जहाज घेऊन गेला. १७८९ साली खलाशांनी बंड करून त्याला होडीत सोडून दिलं. तो वाचला, पुन्हा निघाला आणि १७९३ साली रोपं जमैकात पोचवली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्या माणसांनी बराच काळ हे फळ तोंडात धरलं नाही. त्यांना त्यांचे आफ्रिकेतले कंद आवडायचे, आपल्या कोनफळासारखे. डोंगरउतारावरच्या तुकड्यांत ते स्वतः पिकवायचे आणि उरलेले रविवारच्या बाजारात विकायचे. आज मात्र भाजलेल्या फणसाशिवाय जमैकन न्याहारीचा विचार होत नाही.

१८३८ साली गुलामगिरी पूर्णपणे संपली. मळ्यांना हात कमी पडू लागले, आणि १० मे १८४५ रोजी हिंदुस्थानातले पहिले करारबद्ध मजूर ओल्ड हार्बर बे इथे उतरले. १९१७पर्यंत सुमारे छत्तीस हजार माणसं गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. मोहरमचे ताजियेही त्यांच्याबरोबर गेले. तिकडे त्यांना 'हुसे' म्हणतात. आणि गेला मसाला. हाडासकट तुकडे केलेलं बकऱ्याचं मटण, भरपूर हळदीचा मसाला आणि त्यात तिथला पिमेंटो, ज्याच्या एका दाण्यात लवंग, दालचिनी, जायफळ सगळ्यांचा वास येतो. या 'करी गोट'शिवाय जमैकात लग्न लागत नाही आणि मयताच्या घरचं जागरणही होत नाही. खाणारे बहुतेक आफ्रिकी वंशाचे. त्यांना ते परकं वाटत नाही.

अशा ओळखीच्या खुणा आणखी सापडतात. जमैकातली 'कॅलालू'ची भाजी म्हणजे आपला माठ (त्रिनिदादमध्ये त्याच नावाखाली अळूची पानं येतात, हा भाग वेगळा). नाताळात लालचुटुक 'सॉरेल' पितात, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं, आलं घातलेलं सरबत. रविवारी घरोघरी नारळाच्या दुधात शिजवलेला 'राइस अँड पीज' असतो. नाव वाटाण्याचं, पण पडतो राजमा. आणि नाताळात ओल्या तुरीचे दाणे.

परदेशात जमैकाची ओळख झाली आहे ती 'जर्क' चिकननं : मिरची-पिमेंटोचं वाटण चोळून पिमेंटोच्याच लाकडाच्या धुरावर भाजलेलं. मळ्यांवरून पळून डोंगरात राहिलेल्या मरून लोकांची ही पद्धत. पदार्थ झकास आहे, पण तो रस्त्यावरचा, मित्रांबरोबरचा. आजारपणात त्याची आठवण होत नाही.

आठवण होते अकीची. १९४८नंतर हजारो जमैकन लंडनला गेले, पुढे टोरांटो आणि न्यूयॉर्कला. झाड बरोबर नेता येत नाही. अकी डब्यातून गेली. अमेरिकेनं विषाच्या भीतीनं १९७३ साली डबे रोखले आणि २००० साली पुन्हा परवानगी दिली, तीही तपासणीत उतरलेल्या कारखान्यांपुरती. ही मधली सत्तावीस वर्षं पाहुण्यांच्या सामानात कपड्यांखाली काय काय गेलं असेल, त्याची नोंद कुठल्या सरकारी कागदावर असणार! आता डबा दुकानात राजरोस मिळतो, पण तो चांगला महाग असतो. गुलामांसाठीचा टाकाऊ म्हणून आलेला खारा कॉडही आज जमैकातच इतका महागला आहे, की भांड्यात अकी जास्त आणि मासा थोडा पडतो.