आधी माप, मग आर्म

सकाळी ९

शटर वर जातं तेव्हा पलासिया चौकात ए. बी. रोडची रांग लागलेली असते. छप्पनच्या खाऊगल्लीतून पोहे-जलेबीचा पुडा येतो आणि जिरावण मसाला कुणी जास्त घेतला यावर दिवसाचं पहिलं भांडण होतं. मग कचरागाडी. ओलं, सुकं, प्लॅस्टिक वेगळं ठेवायची सवय सगळ्या इंदूरला लागली, तशी गॅरेजलाही. पण बुश म्हणजे बाहेर लोखंड, मध्ये रबर, आत पुन्हा लोखंड. तो कुठल्या डब्यात टाकायचा, हे आमचा पोरगा अजून रोज विचारतो.

सकाळी १०

पांढरी ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ ची. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० अश्वशक्ती. मालक पंचविशीतला, घरी मराठी, मित्रांत इंदुरी ‘भिया’वाला. गाडी उंची बदलता येणारे कॉइलओव्हर टाकून खाली बसवलेली आहे आणि मागचे टायर आतून सोललेत. तो डिकीतून एक खोकं काढतो: मागच्या सस्पेन्शनचे आर्म, पूर्ण सेट, लालभडक, दोन्ही टोकांना रबरी बुशऐवजी उघडे रॉड एंड.

“काका, आजच बसवून टाका.”

“आधी मोजू.”

त्याचा चेहरा पडतो. मापाला कोणी व्हिडिओ काढत नाही.

सकाळी ११

अलाइनमेंट मशीनवर घ्यायच्या आधी टायरची हवा बघतो, मग गाडी उचलून प्रत्येक बुशला पहार लावून हलवतो. ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट गेटपर्यंतसुद्धा टिकत नाही. डावीकडच्या वरच्या आर्मचा बुश फाटलेला निघतो. रबर चिरलंय, पण झिजून नव्हे, पीळ बसून. कोणीतरी चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला होता. गाडी जमिनीवर आली की तो बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. ही चूक मी इतक्या गाड्यांत पाहिली आहे की आता राग येत नाही.

आकडे येतात. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा झुकाव, डावीकडे उणे २ अंश ५० मिनिटं, उजवीकडे उणे २ अंश १५. टो, म्हणजे चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळणं, दोन्ही बाजूंना आत, चाकामागे २० मिनिटं.

तो कॅम्बरकडे बोट दाखवतो. सगळे तिकडेच दाखवतात, कारण कॅम्बर डोळ्याला दिसतो. टायर खाणारा खरा चोर टो. २० मिनिटं म्हणजे रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम ३ मिलिमीटरचा फरक. पण हिशोब केला तर दर किलोमीटरला सुमारे ६ मीटर आडवं घासणं, तेही झुकलेल्या चाकाच्या आतल्या कडेवर. त्याला टायरवर हात फिरवायला लावतो. एका दिशेनं गुळगुळीत, उलट्या दिशेनं करवत.

दुपारी १२.३०

गाडी लिफ्टवर. त्याला खाली उभं करतो. या गाडीला मागे प्रत्येक चाकाला चार दांडे. खालचा रुंद, त्यावर स्प्रिंग बसते, म्हणजे मागचं वजन त्याच्या डोक्यावर. वरचा कॅम्बर धरतो. बारीक दांडा टोचा. आणि पुढे जाणारा पातळ पात्याचा ट्रेलिंग आर्म. तो मुद्दामच पातळ आहे, कारण चाक वरखाली होताना त्याला थोडं पिळावं लागतं. तिथला मऊ बुश काढून कडक काही घातलं तर सस्पेन्शन आपल्याशीच अडतं. पूर्ण सेट विकणाऱ्याला हे सांगायची गरज वाटत नाही.

“पण मला नॅट्रॅक्सवर न्यायचीय,” तो म्हणतो.

पीथमपूरचा तो ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला. ११.३ किलोमीटरचा अंडाकृती, वळणं तिरकी बांधलेली. तिथे चालवायला मिळाली तरी सरळ वेगात गाडी शांत ठेवायला मागे थोडा टो-इन लागतो, रॉड एंड नव्हे. आणि उरलेले सगळे दिवस ही गाडी बंगाली चौकाच्या खड्ड्यांतच जाणार.

दुपारी २

डबा. जेवताना तो होळकरांच्या गाड्यांचं काढतो. इंदूरच्या पोरांना हा विषय बाळकडूतूनच मिळतो. महाराज यशवंतराव (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग एसजे, लंडनच्या गर्नी नटिंगनं बॉडी बांधलेली, १९३० च्या दशकातली सगळ्यात मस्तवाल गाडी म्हणा ना. तिच्या मागे अखंड अॅक्सल आणि पाटे. कॅम्बर अॅडजस्ट करायची सोयच नाही. महाराज सुटले.

दुपारी ३

खोक्यातले आर्म बाकावर मांडतो. वाईट नाहीत. अॅल्युमिनियम हलकं आहे, वेल्डिंग नाही. पण रॉड एंड उघडे, धुळीला आणि पावसाला आडोसा नाही. एका पावसाळ्यात खडखडायला लागतील, आणि मग आवाज कुठून येतो ते शोधण्यात माझा दिवस जाईल. पॉलियुरेथेनचा मधला रस्ता आहे: पॉवरफ्लेक्स, सुपरप्रो, व्हाइटलाइन ही नावं पोरांना पाठ असतात. चांगला माल आहे, पण ग्रीस सुकलं की चिरकतो, आणि ज्या सांध्याला एकाहून जास्त दिशांनी हलायचंय तिथे मी तो घालत नाही.

मला विचाराल तर क्रम असा: उंची, बुश, टो आर्म, आणि कॅम्बर आर्म अगदी शेवटी. स्प्रिंग पेलणारा खालचा आर्म तर हलका म्हणून कधीच बदलू नये. तिथे मला जाड पोलाद हवं, जे खड्ड्यात आपटलं तर आधी वाकेल, तुटणार नाही. आणि लांबी बदलणाऱ्या कुठल्याही आर्मचा लॉकनट बघायचा. तो ढिला झाला की ताशी १४० ला मागचं चाक स्वतःच्या मतानं चालू लागतं.

कायद्याचंही ऐकवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत बदल चालू देत नाही. आर्म आरसीवर नसतात, पण अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरसमोर लाल रंग उठून दिसतो.

दुपारी ४

कॉइलओव्हरच्या कॉलरला पाना लावून मागची उंची १२ मिलिमीटर वर. त्याला वाटतं मी त्याची मिशी काढतोय. वरचे दोन्ही आर्म नवे, लेमफॉर्डरचे. जर्मन झेडएफ गटाचा हा ब्रँड गाडीकंपन्यांनाही माल देतो, रबरी बुशसकट. ते कपाटात होते. लालवाल्यांच्या मानाने किंमत किरकोळ. डावा बोल्ट गंजून स्लीव्हला चिकटलाय; त्यात तासभर गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी ५.३०

बोल्ट फक्त हातानं लावून गाडी चाकांवर उतरवतो, मागून दाबून दोनचारदा हलवतो, मग पिटात उतरून टॉर्क पान्यानं आवळतो. बुशचं रबर याच उंचीवर सरळ असायला हवं. पोरगा पाना धरतो, मी आकडा वाचतो. हे काम मी कोणाला सोपवत नाही.

आता सबफ्रेमकडचे एक्सेंट्रिक बोल्ट फिरवून माप. कॅम्बर दोन्हीकडे उणे १ अंश ५० च्या आसपास. टो चाकामागे ६ मिनिटं, आत. एक्सेंट्रिकमध्ये अजून जागा उरलीय, म्हणजे अॅडजस्टेबल टो आर्मसुद्धा लागला नाही.

संध्याकाळी ७

बायपासवर फेरी. ८० ला स्टिअरिंग सोडतो, गाडी रेषेत. ब्रेकला मागचं ढुंगण हलत नाही. तो चालवतो, गप्प बसतो, मग म्हणतो, “काका, नवीन टायर टाकल्यासारखी वाटते.” टायर टाकावेच लागणार आहेत, सोललेली कड परत येत नाही.

रात्री ८

बिल बघून तो दोनदा विचारतो, एवढंच? खोकं पुन्हा डिकीत जातं. ते परत घेतील का, हे त्यानं विक्रेत्याला विचारायचं. शटर अर्धं आलेलं असताना तो मागे वळतो.

“काका, रविवारी छप्पनला मित्रांच्या गाड्या जमणारेत. फोटोपुरती ते १२ मिलिमीटर खाली घेता येईल?”

“रविवारी गॅरेज बंद असतं.”

“मग शनिवारी?”

“शनिवारी घेऊ. सोमवारी पुन्हा वर करायला ये, आणि अलाइनमेंटचे पैसे दोनदा आण.”