मामा तलावांचे दप्तर

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे निघाले की वाटेत मूल हे गाव लागते. वर तलावाची पाळ, पाळीखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या आणि मागे जंगल, अशी या मुलखाची ठेवण आहे. वर्षाला सरासरी 1,200 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत येऊन जातो. धान निसवायच्या वेळी त्याने दडी मारली तर वर्ष हातचे जाते. त्या शेवटच्या पाण्याची सोय म्हणून पूर्व विदर्भाने तलाव बांधले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात.

या तलावांवर पुष्कळ बोलले जाते. त्यांच्यासोबत वाढलेल्या कागदांकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. इथली शेती जशी पाळीत आणि पाटात आहे, तशीच ती जमीन महसूल ठरवणाऱ्या बंदोबस्ताच्या मिसलींत, गावनकाशांत आणि गावाचा महसूल गोळा करून सरकारात भरणाऱ्या जुन्या मालगुजार घराण्यांनी जपलेल्या दप्तरांतही आहे.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांपैकी हीरशहाची आठवण परंपरेने एका आज्ञेशी जोडली आहे: जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव मिळावे, आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळावी. उत्तरेकडच्या पट्ट्यात कोहळी समाजाने तलाव बांधण्याची विद्या कसाला लावली. उतार कुठे वळतो, माती कुठे पाणी धरते, पाळ कुठे घातली की कमी मातीत जास्त पाणी अडेल, हे त्यांनी नजरेने ओळखले. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देई, त्यामुळे ओढ्याच्या काठाने तलावांच्या माळा तयार झाल्या.

ही परंपरा कागदावर आली ती इंग्रजी अमलात. मेजर ल्युसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याच्या जमीन महसूल बंदोबस्ताचा अहवाल 1869 मध्ये लिहिला. त्यात राजवंशाचा इतिहास, जाती-जमाती, पिके, तलाव, जंगल असे सगळे आले. पुढच्याच वर्षी निघालेल्या चार्ल्स ग्रँट यांच्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरमध्ये मूल ही चांदा जिल्ह्याची मधली तहसील म्हणून भेटते. हे अधिकारी महसूल ठरवायला आले होते, पण जमिनीचे मोल ठरवायचे तर आधी भूगोल समजून घ्यावा लागतो. म्हणून त्यांच्या कागदांत शेतकऱ्यांचीच मोजमापे उतरली. कन्हार, मोरांड, खरडी, बरडी ही मातीची नावे गावकऱ्यांची. जमीन सखल आहे की उंचवट्यावर, तलावाच्या पाण्याखाली येते की नाही, यावरून तिची प्रत ठरे.

आजचा शेतकरीही हीच वाटणी पाळतो. पाणी धरणाऱ्या खोल बांधीत भारी धान, वरच्या हलक्या जमिनीत लवकर येणारा हलका धान. पाण्याचा भरवसा असेल तिथे पऱ्हे टाकून रोवणी, नसेल तिथे आवत्या, म्हणजे थेट पेरणी. धान उभा असतानाच ओलीत लाखोळी फेकायची, म्हणजे नांगरट न करता दुसरे पीक येते. तुडूम, म्हणजे पाळीतले पाणी सोडायचे दार, उघडले की पाटाने पाणी उतरते आणि बांधीतून बांधीत जाते. पूर्वी कुणाच्या बांध्या आधी भरायच्या हे गावाच्या रिवाजाने ठरे. पाळीची डागडुजी आणि पाट साफ करणे हे पाणी घेणाऱ्यांचे काम होते.

हे रिवाज लिहिले गेले वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या दोन कागदांत. सिंचन, वाट, मासेमारी यांच्या गावचालीची नोंद पहिल्यात. चराई, सरपण, लाकूडफाटा गावाने कुठून आणि कसा घ्यायचा, हे दुसऱ्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये निस्तार पत्रकासाठी कलम 161 आणि वाजिब-उल-अर्जासाठी कलम 165 आहे. म्हणजे हे कागद आजच्या कायद्यालाही मान्य आहेत.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 31 मार्च 1951 पासून तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी जायलाच हवी होती. तिच्यात वेठ होती, दडपण होते. पण मालक गेला तशी देखभाल करवून घेण्याची बांधिलकीही गेली आणि तिच्या जागी गावाची जबाबदारी उभी राहिली नाही. तलाव गाळाने भरले, पाळी फुटल्या, पोटात अतिक्रमणे झाली. पाणीपट्टीचा प्रश्न आला तेव्हा गावांनी निस्ताराच्या हक्कावर बोट ठेवले. ज्या गावाकडे कागद होता, त्याच्या बोलण्याला वजन आले.

कागदाचे हे वजन 2006 च्या वनहक्क कायद्याने आणखी वाढवले. निस्ताराचे हक्क त्याने सामूहिक वनहक्कांत धरले, आणि त्याच्या नियमांनी गॅझेटिअर, बंदोबस्त अहवाल, नकाशे, हक्कनोंदी हे दाव्याचे पुरावे मानले. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ज्या अहवालांच्या आधारे गावाकडून महसूल घेतला गेला, तेच अहवाल आज गावाला आपला हक्क मागायला कामी येतात.

म्हणून जुनी दप्तरे ही घराण्याच्या अभिमानापुरती किंवा इतिहासाच्या हौसेपुरती ठेवण्याची वस्तू नाही. त्यांचा कागद ठिसूळ झाला आहे आणि जुने मोडी-उर्दू अक्षर वाचणारे कमी झाले आहेत. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड या भागांतल्या ग्रामसभांनी आपल्या गावचे निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि बंदोबस्ताचा नकाशा यांच्या प्रती अभिलेख कक्षातून काढून घ्याव्यात आणि ग्रामपंचायतीत सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. ज्यांच्या घरी जुन्या पेट्या आहेत त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडाव्यात. महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी हे नकाशे घेऊन पाळीवर जावे आणि तलावाचे तेव्हाचे व आताचे क्षेत्र मोजावे. तलावांतला गाळ काढण्यासाठी पैसा लागतो आणि तो सरकारकडून यावा लागेल. पण तलाव कुठवर होता आणि त्याचे पाणी कुणाचे होते, हे सांगणारा कागद गावानेच सांभाळला पाहिजे.