शब्दार्थ पाठ, अर्थ कच्चा : वाचायला लागलेल्या मुलांविषयीचे काही गैरसमज

'कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळविटांचा वावर आहे.' हे साधं वाक्य वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात तिसरी-चौथीच्या पोरासमोर ठेवून पाहा. ते न अडखळता वाचेल. मग विचारा, "वावर म्हणजे काय रे बाबू?" उत्तर बहुधा लगेच येईल : "शेत!"

त्याचं काही चुकलेलं नाही. वऱ्हाडात शेताला वावरच म्हणतात. त्याचे आई-वडील रोज सकाळी वावरात जातात आणि हरणांचे कळप हरभऱ्यात शिरतात हेही त्याला ठाऊक असतं. त्यामुळे काळविटांचं वावर म्हटल्यावर त्याला काही खटकतही नाही. पुस्तकी मराठीत 'वावर' म्हणजे असणं-फिरणं, ये-जा, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. वाचन अगदी स्वच्छ होतं आणि अर्थ मात्र भलताच लागतो. शब्दसंपत्तीबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज या एका जागी येऊन मिळतात, म्हणून सुरुवात इथून.

गैरसमज : घडाघडा वाचतं, म्हणजे समजतं

अक्षर ओळखून शब्द उच्चारणं हे एक कौशल्य. त्या शब्दांचा आणि वाक्याचा अर्थ लागणं हे दुसरं. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली हे एका गुणाकारात मांडलं : वाचन म्हणजे उच्चारण गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं.

देवनागरीत हा धोका जरा जास्त आहे. बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झाली की मूल जवळजवळ काहीही वाचू शकतं, अगदी ज्याचा एकही शब्द कळलेला नाही असा उताराही. पाहुण्यांसमोर वाचून दाखवणाऱ्या लेकराचं कौतुक जरूर करावं. पण 'आता तुझ्या शब्दांत सांग' एवढं म्हटल्याशिवाय त्याला काय समजलं ते कळत नाही.

गैरसमज : शब्दार्थ पाठ केले की शब्द आला

धड्याखाली शब्दार्थ असतात, गाईडमध्ये ते आणखी वाढतात, आणि घरी 'पाच-पाच वेळा लिही' होतं. रम्य म्हणजे सुंदर. मनोहर म्हणजे सुंदर. सुबक म्हणजे सुंदर. परीक्षेत गुण मिळतात. मग तेच मूल निबंधात 'आईने मनोहर भाजी केली' असं लिहितं आणि आपण हसतो. हसण्यासारखं त्यात काही नाही, कारण त्याला जे सांगितलं तेच त्याने वापरलं. सुबक ही घडवलेल्या वस्तूची तारीफ आहे, रम्य ही ठिकाणाची किंवा वेळेची. मूर्ती सुबक असते, सकाळ रम्य असते. शब्द कोणाच्या शेजारी बसतो, कोणाच्या शेजारी बसत नाही, हे कळणं हा त्याच्या अर्थाचाच भाग आहे. एका शब्दाला एक प्रतिशब्द जोडून दिला की नेमका तोच भाग गळून पडतो.

मग काय करायचं? न्यूझीलंडचे वॉरविक एली यांनी १९८९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सात-आठ वर्षांच्या मुलांना शिक्षकांनी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली, तीन वेळा. नुसती वाचली तेव्हा अनोळखी शब्दांच्या चाचणीत सुमारे १५ टक्के वाढ दिसली. वाचता वाचता त्या शब्दापाशी क्षणभर थांबून अर्थ सांगितला, चित्र दाखवलं किंवा हातवारे केले, तेव्हा वाढ ४० टक्क्यांच्या आसपास गेली. जास्तीचा तास लागला नाही, वही लागली नाही. फरक पडला तो गोष्टीच्या ऐन भरात योग्य शब्दापाशी घेतलेल्या त्या अर्ध्या मिनिटाने.

घरी हे असं होऊ शकतं. गोष्टीत 'त्याने दार हळूच लोटलं' असं आलं. थांबा. "लोटलं म्हणजे ढकललं. पण धक्का मारून नाही बरं, हलक्या हाताने. जा, ते दार लोटून दाखव." पोरगं उठतं, दार लोटतं, परत येऊन बसतं, गोष्ट पुढे जाते. दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना 'केर तिकडे लोट' म्हणा. तिसऱ्या दिवशी 'दिवस लोटले' असा प्रयोग कानावर पडू द्या. इथे ढकलणारं कोणीच नाही, तरी शब्द तोच, याची गंमत मुलांना हमखास वाटते. अशा तीन-चार भेटींत शब्द पक्का होतो. एका दिवसात पाच वेळा लिहिण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या जागी भेटणं कधीही सरस.

गैरसमज : काही सांगू नका, वाचता वाचता शब्द आपोआप येतात

हा सुशिक्षित पालकांचा आवडता गैरसमज आहे आणि तो अर्धा खराही आहे. मोठेपणी आपल्याजवळ असलेले बहुसंख्य शब्द कोणी शिकवलेले नसतात, वाचण्या-ऐकण्यातूनच ते आलेले असतात. पण वेग फार कमी असतो. या विषयावरच्या अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण १९९९ साली स्वानबोर्न आणि द ग्लॉपर यांनी केलं. सहज वाचनात भेटलेल्या दर १०० अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ शब्दांचाच अर्थ मुलांच्या पदरी पडतो, असं त्यातून दिसलं. जो भरपूर वाचतो त्याला हे प्रमाण पुरतं. ज्याच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तकच नाही, त्याला ते कसं पुरेल?

शिवाय संदर्भ नेहमी मदत करतोच असं नाही. 'काळविटांचा वावर' या वाक्यात संदर्भानेच मुलाला फसवलं.

भरपूर वाचायला आणायचं कुठून, याला आता थोडं उत्तर आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायरीनुसार मिळतात आणि छापूनही घेता येतात. शाळेच्या कपाटातली पुस्तकं फाटतील म्हणून कुलपात ठेवू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

गैरसमज : घरची बोली सुटल्याशिवाय मराठी सुधारणार नाही

सगळ्यांत जास्त नुकसान याने होतं, म्हणून यावर जास्त बोलावं लागेल.

मूल शाळेत येतं तेव्हा रिकाम्या हाताने येत नाही. तिफन, वखर, डवरा, सोंगणी, पऱ्हाटी, तुराटी, कुटार, उलंगवाडी हे शब्द रिसोड-मालेगावकडच्या सहा-सात वर्षांच्या पोराच्या कानावरून अनेकदा गेलेले असतात, आणि यातल्या बऱ्याच वस्तू त्याने हाताळलेल्या असतात. कुटार कशाचं आणि ते कोणत्या जनावराला घालतात, हे ते सांगू शकतं. शब्द 'येणं' म्हणतात ते हेच. त्याच्याजवळ नसतात ते पुस्तकातले शब्द. ते द्यायचे तर आधीचे पुसून नव्हे, आधीच्यांना जोडून द्यावे लागतात. 'बांध म्हणजे आपला धुरा' एवढं एक वाक्य पुरतं. बांध कसा असतो, त्यावरून भांडणं का होतात, हे सगळं त्याला आधीच माहीत आहे. पुढे वर्तमानपत्रात 'संघाची धुरा सांभाळली' असं भेटलं की तिथे थांबून सांगायचं : इथे धुरा म्हणजे बांध नाही, जबाबदारी. गंज म्हणजे घरातलं भांडंही आणि लोखंडावरचा तांबेराही. सांबार म्हणजे आपल्याकडची कोथिंबीर आणि हॉटेलातलं इडलीबरोबरचंही. अशी यादी मुलांकडूनच करून घेतली तर वर्गात तास पुरत नाही.

मुलाने 'शाळा'ऐवजी 'शाया', 'डोळा'ऐवजी 'डोया' लिहिलं की लाल शाईची रेघ येते. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येतो, आणि तो नेमाने येतो. ही हेळसांड नाही, नियम आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडीची नोंद आहे. 'घरी डोया, वहीत डोळा' अशी जोडी एकदा फळ्यावर लिहून दिली की मूल तो नियम स्वतःच पुढच्या शब्दांना लावतं : काया-काळा, कायी-काळी. रेघ मारल्याने त्याला एवढंच कळतं की आपल्या घरचं बोलणं चुकीचं आहे. मग ते वर्गात बोलणंच सोडतं, आणि न बोलणाऱ्या मुलाचे शब्द वाढवणं फार कठीण.

मानोरा-मंगरूळपीर भागातल्या बंजारा तांड्यांवरच्या मुलांचं अंतर याहून मोठं असतं. त्यांच्या घरी गोरमाटी बोलतात. आईला याडी म्हणणारं, भाकरीला बाटी म्हणणारं मूल पहिलीत येऊन बसतं तेव्हा वाचायला आणि नवी भाषा बोलायला ते एकाच वेळी शिकत असतं. दोन भाषांमुळे मुलं गोंधळतात, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. अशा मुलाचे फक्त मराठी शब्द मोजले तर ते मागे दिसतं, दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर चित्र बदलतं. त्याला गोष्ट आधी गोरमाटीत सांगू द्यावी. शिक्षकाला ती बोली येत नसेल तर तांड्यावरच्या थोरल्या मुलीला शेजारी बसवावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेतून किंवा मातृभाषेतून शिकवण्यावर भर आहे.

एक गोष्ट वाशीमकरांना खास सांगावीशी वाटते. हे गाव म्हणजे वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. इथल्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन याने 'हरिविजय' हे काव्य संस्कृतात नव्हे, प्राकृतात रचलं. आज ते अखंड मिळत नाही, पण संस्कृत काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतलेली आहे. पुढे काव्याच्या एका रीतीलाच या गावावरून 'वच्छोमी' नाव पडलं. आणि १९३९ साली उजेडात आलेल्या, सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष मजकूर प्राकृतात. मानाचं लिहिणं एका भाषेत, कामाचं दुसऱ्या भाषेत, आणि दोन्ही एकाच पत्र्यावर! चौथ्या शतकातल्या लेखनिकाला जे जमलं ते आजच्या चौथीच्या वहीत जमायला काय हरकत आहे?

घरच्या माहितीचं बळ किती असतं, याचा एक अमेरिकी प्रयोग आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ नीट जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. म्हणून वाशीमच्या शाळेत वाचनाचा सराव सोयाबीनच्या सोंगणीवरच्या उताऱ्याने सुरू करावा, समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीने नव्हे. समुद्र नंतर येऊ द्यावा, पण तो येऊ द्यावाच. मूल फक्त ओळखीचंच वाचत राहिलं तर तेही खुंटतं.

गैरसमज : अवघड शब्द म्हणजे जोडाक्षरांचे, संस्कृत वळणाचे शब्द

'स्वातंत्र्यसूर्य' दिसायला अवघड आहे, पण तो क्वचितच भेटतो. मुलांचं घोडं अडतं ते दिसायला साध्या शब्दांवर. हे गणित पाहा : एका शेतकऱ्याने १२ क्विंटल सोयाबीनपैकी ७ क्विंटल विकलं. उर्वरित सोयाबीन प्रत्येकी ५० किलोच्या कट्ट्यांत भरलं, तर किती कट्टे लागतील? कट्टा मुलाला माहीत आहे, क्विंटल माहीत आहे, वजाबाकी आणि भागाकार येतो. अडतात 'पैकी', 'उर्वरित' आणि 'प्रत्येकी'. 'हे दहा कट्टे' असं उत्तर आपण सांगून टाकतो आणि समजतो की पोराचं गणित कच्चं आहे.

इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात शब्दांचे तीन थर सांगितले : रोजच्या बोलण्यातले, सगळ्याच विषयांच्या पुस्तकांत भेटणारे, आणि एकाच विषयापुरते. मेहनत घ्यायची ती मधल्या थरावर. मराठीत यात तुलना, परिणाम, आवश्यक, किमान, शिल्लक हे येतात. मला वाटतं, आपण मात्र, तरीही, अन्यथा, जणू, याउलट यांनाही त्यात जागा द्यावी. हे शब्द धड्याखालच्या शब्दार्थांत सहसा नसतात, आणि नवोदय किंवा शिष्यवृत्ती परीक्षेच्या उताऱ्यांत वाक्याचा अर्थ फिरवतात तेच.

गैरसमज : शब्दकोश मोठ्यांसाठी असतो

मूल शब्दकोश बाजूला ठेवतं, कारण त्याला शब्द सापडत नाही. धड्यात 'धुऱ्यावरून' असतं, कोशात 'धुरा'. धड्यात 'विहिरीत', कोशात 'विहीर'. 'गेला' शोधायचा तर 'जाणे'पाशी जावं लागतं. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना मूळ रूप बदलतं, आणि बदललेल्या रूपावरून मूळ ओळखणं ही वेगळी शिकवायची गोष्ट आहे. तिसरी-चौथीत हा खेळ छान जमतो : पाण्यात, घोड्याने, फुलांच्या, गायींना, मूळ शब्द सांगा. त्याच्याच जोडीला शब्दांची कुळं जमवावीत. पेरणे, पेरणी, दुबार पेरणी, पेरा, पीकपेरा. किंवा पाणवठा, पाणलोट, पाणबुडी. ज्याला पाणी कळतं त्याला 'पाणलोट' फोडून दाखवला की भूगोलाच्या धड्यातला तो शब्द उलगडतो.

गैरसमज : मोबाइलवरची गाणी-कार्टूनं पाहून शब्द वाढतात

अगदी लहानग्यांबाबत तरी हे खरं नाही. जुडी डिलोश आणि सहकाऱ्यांनी २०१० साली १२ ते १८ महिन्यांच्या बाळांवर केलेल्या अभ्यासात, शब्द शिकवणारी चित्रफीत महिनाभर पाहिलेली बाळं न पाहिलेल्यांपेक्षा पुढे नव्हती. ज्यांच्या आई-वडिलांनी तेच शब्द रोजच्या बोलण्यात वापरले, ती बाळं सगळ्यांत पुढे होती.

गैरसमज : आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय शिकवणार

वाचता न येणाऱ्या आईजवळही हजारो शब्द असतात. भाजी निसणं, चिरणं, परतणं ही तीन वेगळी कामं आहेत आणि ती बोलत बोलत केली की तीन वेगळी क्रियापदं मुलाला मिळतात. संध्याकाळी धडा त्याला मोठ्याने वाचायला सांगावा, आणि जे समजलं नाही ते त्यालाच विचारावं : "हे 'उर्वरित' काय होय रे?" त्याला येत असेल तर ते सांगेल. येत नसेल तर सकाळी शाळेत विचारून येईल आणि संध्याकाळी आईला समजावून देईल.