पर्जन्याचा आंकडा व त्याचें चित्र

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पावसाचा आंकडा हा आतां नुसता कुतूहलाचा विषय राहिलेला नाहीं. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याची भरपाई ज्या नोंदीवरून ठरते, ती नोंद महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्राची असते. डाळिंबाच्या किंवा लिंबाच्या बागाइतदारानें आपल्या डोळ्यांनीं काय पाहिलें, यापेक्षां त्या केंद्रानें काय नोंदलें याला तेथें महत्त्व आहे. म्हणून ही नोंद कोठून निघते, कोठें सांठते आणि अखेर चित्राच्या रूपानें आपल्यापुढें कशी येते, हें समजून घेणें प्रत्येक खातेदाराच्या हिताचें आहे, असें आम्हांस वाटतें.

सन २०१७ मध्यें राज्य सरकारनें ‘महावेध’ प्रकल्पाखालीं स्कायमेट कंपनीच्या साह्यानें राज्यभर अशीं केंद्रें उभारण्यास आरंभ केला. त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. पाऊस, उष्णमान, हवेंतील दमटपणा, वाऱ्याचा वेग व दिशा यांची नोंद तेथें यंत्रच करतें. स्वयंचलित केंद्राची नोंद मोबाइलच्या जाळ्यावरून दूरच्या संगणकाकडे जाते. असा प्रचंड सांठा ठेवण्यासाठीं पुष्कळ संस्था हल्लीं भाड्याचीं संगणकीय कोठारें वापरतात. त्यांस ‘क्लाउड’ म्हणजे ढग असें नांव पडलें आहे. गूगलचें ‘बिगक्वेरी’, ॲमेझॉनचें ‘रेडशिफ्ट’ व ‘स्नोफ्लेक’ हीं त्या जातीचीं कोठारें होत. आंकड्यांचीं चित्रें काढणारीं साधनें निराळीं. ‘पॉवर बीआय’ आणि ‘टॅब्लो’ हीं त्यांतलीं प्रसिद्ध आहेत. कोठारांत लक्षावधि नोंदी ओळीनें पडलेल्या असतात, त्या वाचून माणसास कांहीं उमगत नाहीं. उलट, चित्र काढणारें साधन स्वतः एकहि थेंब मोजीत नाहीं. दोहोंना जोडणारा दुवा नीट बसला, तरच फलकावरील रेषांस व स्तंभांस अर्थ येतो.

ही जोडणी दोन रीतींनीं करतात. पहिल्या रीतींत कोठारांतील नोंदींची नक्कल ठराविक वेळीं काढून चित्रसाधनांत ठेवितात. बाजारसमितींत लिलाव झाल्यावर भाव फळ्यावर उतरवून घ्यावे, तसाच हा प्रकार. यांत चित्र झटकन् उघडतें व खर्च बेताचा येतो; परंतु फळा पुसून पुन्हां लिहीपर्यंत त्यावर जुनाच भाव दिसत राहतो. पॉवर बीआयच्या साध्या परवान्यांत अशी नक्कल ठरविलेल्या वेळीं दिवसांतून फार तर आठ वेळां ताजी होते. दुसऱ्या रीतींत नक्कल ठेवीतच नाहींत. फलक उघडला कीं प्रत्येक वेळीं थेट कोठारासच विचारणा होते. उत्तर ताजें मिळतें, पण विलंब लागतो, आणि चाळलेल्या नोंदींच्या मानानें जेथें भाडें आकारतात तेथें खर्चहि वाढतो. पुराच्या वेळीं धरणाचा विसर्ग पाहावयाचा असेल तर ही दुसरी रीत बरी. गेल्या दहा हंगामांच्या पावसाची तुलना करण्यास पहिली पुरेशी आहे.

दोन्ही रीतींत एक नियम मात्र अवश्य पाळावा. फलकास कोठाराची जी किल्ली द्यावयाची, ती केवळ पाहण्याची असावी. दप्तराची नक्कल मिळणें वेगळें आणि दप्तरांत लेखणी चालविणें वेगळें.

फलकापुढें बसणाऱ्यानें तीन गोष्टी तपासाव्या. पहिली गोष्ट वेळ. भारतीय हवामान विभागाच्या दैनिक पर्जन्याचा दिवस सकाळीं साडेआठास संपतो. म्हणजे दहा तारखेच्या रात्रीं पडलेला पाऊस अकरा तारखेच्या नांवें लागतो. हें ठाऊक नसल्यास यंत्र खोटें बोलतें असें वाटतें. नोंद केव्हांपर्यंतची आहे, हें ज्या फलकावर लिहिलेलें नसेल, त्यावर निर्णय घेऊं नये.

दुसरी गोष्ट शून्य व रिकामी जागा यांतील भेद. पाऊस पडला नाहीं तर शून्य. पण मापकाच्या नळींत पालापाचोळा अडकला, वीजघट उतरला किंवा संदेशच पोहोंचला नाहीं, तर ती जागा रिकामी राहिली पाहिजे. जोडणी करणारानें रिकाम्या जागीं शून्य भरल्यास चित्रांत पावसाचा खंड दिसतो, आणि नोंद गहाळ झाल्याचें कोणाच्याच ध्यानीं येत नाहीं. विम्याच्या निकषांत पावसाचा खंड असतो, अधिक पाऊसहि असतो. तेव्हां एवढ्याशा चुकीनें भरपाईचा हिशेब कोणत्याहि बाजूस झुकूं शकतो.

तिसरी गोष्ट सरासरी. अकोले तालुक्यांत घाटघर व रतनवाडी येथें वर्षास कांहीं हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत पांचशें-सहाशें मिलिमीटर झाला तरी समाधान मानतात. सर्वांची मिळून काढलेली जिल्ह्याची सरासरी पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्यास काय सांगणार? त्यानें आपल्या मंडळाचाच स्तंभ मागावा.

आंकडा, फलक व निर्णय यांची जोडणी संगणकावांचूनहि होऊं शकते, याचा दाखला आपल्याच नगर तालुक्यांत आहे. हिवरे बाजार येथें श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें पाण्याचा ताळेबंद मांडण्याची वहिवाट पडली. गांवांत पाऊस मोजतात, निरीक्षण विहिरींची पातळी पाहतात, आणि आलेला हिशेब सर्वांस दिसेल असा मांडतात. माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी प्रथम बाजूस काढून उरलेल्या पाण्यावर रब्बीचीं पिकें ठरवितात. शेतीसाठीं विंधनविहिरींस तेथें बंदी आहे. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें ४,०४७ लिटर पाणी. हा गुणाकार ज्यास करतां येतो, त्यास हा ताळेबंद कळण्यास अडचण नाहीं. तेथील फलकाचें मोल त्याच्या रंगांत नाहीं. मोजणारा कोण हें गांवास माहीत आहे आणि फलक वाचल्यावर काय करावयाचें हें ग्रामसभेंत ठरलेलें आहे, यांतच तें आहे. कोट्यवधि रुपयांच्या कोठारास जोडलेल्या चित्रासहि हीच कसोटी लावावी.

आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एक साधें पर्जन्यमापक उघड्या जागीं, झाडाभिंतींपासून दूर बसवावें आणि रोज सकाळीं साडेआठास वाचून वहींत तारीखवार लिहावें. वाचन चुकल्यास जागा रिकामी सोडावी, अंदाजानें भरूं नये. घरच्या वहीवरून विम्याची भरपाई ठरत नाहीं, हें खरें; परंतु केंद्राच्या यंत्राची तपासणी मागतांना तोंडी गाऱ्हाण्यापेक्षां अशा वहीस अधिक वजन येतें. महिनाअखेर ती मंडळाच्या नोंदीशीं ताडून पाहावी. तफावत सतत एकाच बाजूची दिसली, तर दोन्ही आंकडे जोडून कृषि अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा, आणि त्याची पोंच घेऊन ठेवावी.