पणजोबांचं नाव कुठे सापडेल? मांजरीतून घराण्याचा माग काढताना

इंग्लंडमधल्या गिरणी कामगाराच्या पणतूचं काम तसं सोपं असतं. तिथे 1837 पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे आणि शंभर वर्षं उलटली की जनगणनेचे घरोघरचे कागद खुले होतात. 1921 चे कागद 2022 मध्ये खुले झाले. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्यामुळे ते कुणालाच पाहता येत नाहीत. मग मांजरी बुद्रुकच्या शेतकऱ्यानं किंवा मजुरानं काय करायचं?

जमीन असेल तर फेरफारापासून सुरुवात करा. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक. आज मालक कोण हे सातबारा सांगतो, तो मालक कसा झाला हे फेरफार सांगतो. खातेदार वारला की वारसनोंद होते. त्यात मुलं येतात, विधवा येते, आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आई किंवा चुलताही येतो. एका फेरफारात कधी अख्खं घर सापडतं. बरेच जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आहेत.

खरी अडचण भूमिहीनांची. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नाहीच. त्यांच्यासाठी दोन जागा: शाळेचं जनरल रजिस्टर आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. रजिस्टरातल्या जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. गुरुजींनी अंदाजानं लिहिलेली असते. कितीतरी आजोबांचा वाढदिवस 1 जूनला येतो तो त्यामुळेच! कोतवाल बुकात बाळाचं नाव बहुधा नसतं. बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. तरी जात पडताळणीत ही एक ओळ फार मोलाची ठरते, कारण ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, तर अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. नातवाचा प्रवेश त्यावर अडू शकतो.

मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या काळातल्या जन्म-मृत्यू नोंदींसाठी महापालिकेकडे, तर जुन्या महसुली कागदांसाठी हवेली तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागा.

फार जुना कागद मोडीत निघेल. घाबरू नका. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्यापासून मोडी वाचकांना मागणी आली आहे.

कागद संपले की नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उरतात. तिथे जाताना आडनावाबरोबर मूळ गावही नक्की सांगा.