व्हर्च्युअल पत्ता घेताय? पोच कोण देणार ते आधी विचारा

ओळखीच्या एका तरुणाने पुण्यातल्या बाणेरचा एक पत्ता वर्षाच्या बोलीवर घेतला आणि त्यावर आपली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवली. काही महिन्यांनी तिथे आलेलं सरकारी टपाल ‘या नावाची कंपनी येथे नाही’ असा शेरा घेऊन परत गेलं. रिसेप्शनवरची मुलगी नवीन होती. तिच्याकडच्या यादीत कंपनीचं नावच नव्हतं.

असं काही ऐकलं की लोक म्हणतात, व्हर्च्युअल ऑफिस, म्हणजे पैसे भरून वापरायला घेतलेला नुसता पत्ता, बेकायदाच असतं. तसं नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ नुसार नोंदणीपासून ३० दिवसांत, आणि पुढे कायम, कंपनीच्या नावाची पत्रं आणि नोटिसा घेऊन त्यांची पोच देऊ शकेल असं रजिस्टर्ड ऑफिस लागतं. जागा केवढी असावी, याचं माप कायद्याने घातलेलं नाही. पोच मात्र मिळालीच पाहिजे, म्हणून नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही.

पैसे भरल्याची पावती हा जागेचा पुरावा, हाही गैरसमजच. भाडेकरार आणि महिन्याच्या आतली भाडेपावती, मालकाचं किंवा अधिकृत ताबेदाराचं संमतीपत्र, दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल असे कागद लागतात. पत्ता देणारा बहुधा स्वतःच भाडेकरू असतो. जागा पुढे देण्याचा हक्क त्याला आहे का, हे त्याच्या करारात वाचून घ्या.

‘तिथे बघायला कोण येतंय?’ हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. आरओसीला, म्हणजे कंपनी निबंधकाला, प्रत्यक्ष पडताळणीचा अधिकार आहे. ऑगस्ट २०२२ च्या नियमानुसार त्या भागातल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर ती होते आणि ऑफिसचा फोटो काढला जातो. बाहेर कंपनीच्या नावाची पाटी हवी, आपल्याकडे ती मराठीतही हवी. कलम १२ मोडल्यास दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाखापर्यंत दंड होतो; तो कंपनीला आणि कसूरदार अधिकाऱ्यालाही. कंपनीचं नाव नोंदवहीतून काढण्याची कारवाईही सुरू होऊ शकते.

आरओसीला चाललेला पत्ता जीएसटीला चालेलच असंही नाही. तिथे धंदा कुठून चालतो ते विचारतात. माल भिवंडीच्या गोदामात असेल तर ते गोदामही नोंदवावं लागतं.

आणि राहतं घर? ते चालतं! वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि वीजबिल जोडायचं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) साइटवर पत्ता कुणालाही दिसतो, म्हणून घर द्यायचं नसेल तर ते कारण रास्त आहे. पण नंतर बदलू म्हणून कुठलाही पत्ता घेऊ नका: बदल ३० दिवसांत कळवावा लागतो आणि दुसऱ्या आरओसीच्या हद्दीत जायचं तर रिजनल डायरेक्टरची मंजुरी लागते.

म्हणून पत्ता घेतल्यावर नोंदणीआधी तिथे कंपनीच्या नावाने स्वतःच एक स्पीड पोस्ट पाठवा. ते कोण घेतं आणि तुमच्या हातात किती दिवसांनी येतं ते बघा, मगच तो पत्ता फॉर्मवर लिहा.