विश्लेषण : अ‍ॅपची विंडो स्क्रीनवर कुठे उघडणार, हे नक्की कोण ठरवते?

कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘ग्लुट’ वापरून पहिला त्रिकोण काढताना बहुतेक विद्यार्थी एक ओळ हमखास लिहितात : विंडो (१००, १००) या ठिकाणी उघड. लॅबमधल्या संगणकावर ती तिथेच उघडते. पुढे तोच प्रोग्राम नव्या लायब्ररीत लिहून अलीकडच्या लिनक्सवर चालवला की विंडो भलतीकडेच उघडते आणि विद्यार्थी कोडमधली चूक शोधत बसतो. चूक मात्र नसते. विंडोची जागा ठरवण्याचा अधिकार प्रोग्रामकडून हळूहळू ऑपरेटिंग सिस्टीमकडे गेला आहे. तो का गेला, हे मोबाइलवरून पैसे पाठवणाऱ्यानेही समजून घ्यावे असे आहे.

विंडो कोण उघडते?

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९२ मध्ये आणलेल्या ओपनजीएलचे काम फक्त चित्र काढणे. विंडो, माऊस, कीबोर्ड यांच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी जोडीला दुसरी लायब्ररी लागते. मार्क किलगार्ड यांनी लिहिलेली ग्लुट ही त्यातली सर्वात परिचित. तिचा मुक्त पर्याय असलेल्या ‘फ्रीग्लुट’चे काम १९९९ मध्ये सुरू झाले. आज नव्या प्रोग्रामसाठी जीएलएफडब्ल्यू किंवा सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली एसडीएल जास्त वापरली जाते.

जागा सांगायची कशी?

विंडोसाठी स्क्रीनचा शून्य बिंदू डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात असतो. ‘एक्स’ उजवीकडे वाढतो, ‘वाय’ खाली वाढतो. ओपनजीएलमध्ये चित्र काढताना मात्र वाय वरच्या दिशेने वाढतो. सुरुवातीचा बराचसा गोंधळ इथेच होतो.

विंडो मधोमध हवी असेल तर हिशेब सोपा आहे. स्क्रीन १९२० बाय १०८० आणि विंडो ८०० बाय ६०० असेल, तर एक्स म्हणजे १९२० वजा ८००, भागिले २, म्हणजेच ५६०. वाय म्हणजे १०८० वजा ६००, भागिले २, म्हणजेच २४०. ग्लुटमध्ये ही जागा विंडो तयार करण्याच्या ‘आधी’ सांगावी लागते. जीएलएफडब्ल्यूमध्ये विंडो आधी लपवलेल्या अवस्थेत तयार करायची, मग जागेवर न्यायची आणि शेवटी दाखवायची. नाहीतर ती एका ठिकाणी चमकून दुसरीकडे उडी मारताना दिसते.

(०, ०) दिल्यावर टायटल बार कुठे जातो?

विंडोज सिस्टीमवर जीएलएफडब्ल्यूची विंडो (०, ०) वर ठेवली की वरची पट्टी स्क्रीनबाहेर जाते. मग विंडो ना धरून सरकवता येते, ना माऊसने बंद करता येते. कारण जीएलएफडब्ल्यू जागा मोजते ती आतल्या चित्राच्या भागाची, चौकटीची नव्हे. चौकटीची जाडी विचारून तेवढी जागा सोडणे हा त्यावरचा उपाय. टास्कबार वगळून उरलेली मोकळी जागाही लायब्ररीला विचारता येते.

दोन मॉनिटर असतील तर आणखी एक पेच. मुख्य मॉनिटरच्या डावीकडे दुसरा मॉनिटर असेल, तर तिथला एक्स उणे आकड्यात असतो. प्रोग्रामने ती जागा लक्षात ठेवली आणि पुढच्या वेळी तो मॉनिटर जोडलेलाच नसला, तर विंडो उघडते पण दिसत नाही. म्हणून जुनी जागा वापरण्यापूर्वी ती आज जोडलेल्या एखाद्या मॉनिटरच्या हद्दीत येते का, हे तपासणे गरजेचे असते.

वेलँडने हा अधिकार का काढून घेतला?

लिनक्सवर वर्षानुवर्षे चाललेली एक्स११ ही व्यवस्था १९८७ ची. तिच्यात कोणताही प्रोग्राम इतरांच्या विंडो कुठे आहेत हे विचारू शकतो, त्यांच्यावर स्वतःची विंडो ठेवू शकतो, इतकेच काय दुसरीकडे टाइप होणारी अक्षरेही वाचू शकतो. एकमेकांवर विश्वास असलेल्या प्रयोगशाळेत हे चालून गेले. आज मात्र बँकेच्या पासवर्डच्या चौकटीवर नेमकी तशीच दिसणारी खोटी चौकट बसवायला एवढी मोकळीक पुरेशी आहे.

क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडने ही मोकळीक मुळातच ठेवली नाही. वेलँडवर साध्या प्रोग्रामला इतरांच्या विंडो दिसत नाहीतच, पण आपली स्वतःची विंडो स्क्रीनवर कुठे आहे हेही कळत नाही. मेन्यू किंवा पॉप-अप स्वतःच्या मूळ विंडोच्या संदर्भाने ठेवता येतो आणि विशिष्ट मॉनिटरवर फुलस्क्रीन मागता येते. बाकी सगळे सिस्टीम ठरवते.

फेडोराने २०१६ मध्ये आणि उबुंटूने २०२१ मध्ये आपल्या मुख्य डेस्कटॉपसाठी वेलँड हा मूळ पर्याय केला. लायब्ररींनाही बदलावे लागले. एसडीएलच्या तिसऱ्या पिढीत विंडो तयार करण्याच्या फंक्शनमधून एक्स आणि वाय काढूनच टाकण्यात आले. वेलँडवर जीएलएफडब्ल्यूला जागा सांगितली, तर ‘ही सुविधा उपलब्ध नाही’ अशी त्रुटी मिळते. प्रोग्राम मात्र चालू राहतो, त्यामुळे त्रुटी पकडण्याची सोय केली नसेल तर काही बिघडल्याचे कळतही नाही. ग्लुटचे जुने प्रोग्राम ‘एक्सवेलँड’ या दुभाष्यामार्फत चालतात, म्हणून त्यांची जागा बहुतेक वेळा अजूनही पाळली जाते.

नुकसान कोणाचे?

एकाच वेळी अनेक विंडो मांडून काम करणाऱ्यांचे. उपकरणांवर नजर ठेवणारे नियंत्रण कक्ष, संशोधनाची सॉफ्टवेअर, कालची मांडणी आज जशीच्या तशी हवी असणारे डिझायनर, या सगळ्यांची तक्रार रास्त आहे. सुरक्षा न सोडता त्यांना मर्यादित मुभा कशी द्यावी, यावर वेलँडच्या विकासकांमध्ये बरीच वर्षे चर्चा सुरू आहे.

मोबाइलशी याचा काय संबंध?

दुसऱ्या अ‍ॅपवर स्वतःची विंडो ठेवण्याचा हाच अधिकार अँड्रॉइडमध्ये ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’ या नावाने ओळखला जातो. चॅटचे तरंगणारे बुडबुडे याच परवानगीवर चालू शकतात आणि खरे बटण झाकणारे खोटे पडदेही. म्हणून २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ही परवानगी सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळी द्यावी लागते. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून, अशा पडद्याआडून खालच्या अ‍ॅपपर्यंत पोहोचणारा स्पर्श बऱ्याच प्रसंगी सिस्टीमच अडवते.

काय करावे?

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी :

• दिलेली जागा ही विनंती समजावी. विंडो दुसरीकडे उघडली तरी काम अडू नये.

• जीएलएफडब्ल्यूमध्ये त्रुटी पकडणारे फंक्शन पहिल्या दिवसापासून लावावे.

• जागा अचूकच हवी असेल, तर जीएलएफडब्ल्यूच्या ३.४ आवृत्तीपासून सुरुवातीलाच एक्स११ निवडता येते.

मोबाइल वापरणाऱ्यांनी :

• वर सांगितलेल्या परवानगीची यादी सेटिंग्जमध्ये उघडावी आणि ओळखीचे नसलेल्या किंवा गरज नसलेल्या अ‍ॅपची परवानगी बंद करावी.